लिबेल्लुलाचं उजवं दार

जुनी गाडी विकायला काढली की आधी कागद लिहावा लागतो. हल्लीच्या गिऱ्हाइकांना गाडीपेक्षा कागदाचं प्रेम जास्त. कुठला स्क्रू मूळचा, कुठला नवा, रंगाचे थर किती, सगळं फोटोंसकट एका जाड पुस्तकात बांधून द्यायचं. मग ते पांढरे हातमोजे घालून पुस्तक चाळतात आणि गाडी नेऊन कुलपात ठेवतात. चालवत कोणीच नाही. चाळीस वर्षं मी मरणपंथाला लागलेल्या गाड्या उठवून उभ्या करतोय आणि चाळीस वर्षं त्या अशा कुलपात जाताना बघतोय, त्यामुळे माझं डोकं जरा लवकर तापतं हे आधीच सांगून टाकतो.

या गाडीचा कागद असा: लिबेल्लुला, म्हणजे चतुर, तो पाण्यावर भिरभिरतो ना, तो. साल १९६१. दोघांपुरती, उघडी, कापडी टपाची. इटलीत मोदेना शहराच्या वेशीवरच्या बार्बांतींच्या कारखान्यात चारच बनल्या. एक शर्यतीत जळाली, एक बोटीबरोबर समुद्रात गेली, एकीचा पत्ता नाही. ही बनण्याच्या क्रमाने तिसरी. स्वित्झर्लंडमध्ये लोकार्नोजवळ एका गोठ्यात गवताखाली सापडली, चार वर्षं खपून मी ती नवी केली. रंग सायीचा. एवढं सगळं कागदात आहे. नीवेसमावशी त्यात नाही. म्हणून हे वेगळं लिहितोय.

नीवेस ही कोणाचीच मावशी नाही, त्यामुळे अख्ख्या स्पिलाम्बेर्तो गावाची मावशी आहे. वय त्र्याऐंशी. सकाळी सायकलवरून भाजी आणते, दुपारी बारमध्ये म्हाताऱ्यांबरोबर पत्ते कुटते आणि उघड उघड लबाडी करते. नवरा अर्दीलियो चीजच्या कारखान्यात होता. माणूस देवाघरचा, आणि बोलण्याच्या बाबतीत त्याच्या चीजइतकाच गप्प. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी बोलोन्यात शिक्षिका आहे. लग्नाआधी आणि नंतरही मावशीने बत्तीस वर्षं बार्बांतींकडे गाड्यांची चामडी कामं केली: आसनं, दारांची अस्तरं, टप. जुने लोक सांगतात की तिच्या तळव्याला चामड्याखालचा केससुद्धा लागायचा.

टपापायी मी तिच्याकडे गेलो. लिबेल्लुलाच्या टपाची शिवण निराळी होती. कापड दोनदा मुडपून, मेणाच्या दोऱ्याने असा काही टाका घालायचे की पावसाचा थेंब आत येत नसे. दोन कारागिरांनी शिवून बघितलं. पहिल्याचा टप गळला, दुसऱ्याचा लष्कराच्या तंबूसारखा दिसायला लागला. तेव्हा नाक मुठीत धरून बारमध्ये गेलो. मावशीचा डाव रंगात आला होता.

"मावशी, एक टप शिवायचाय."

"डोळे गेले माझे. दुसरीकडे बघ."

"तुम्ही डोळ्यांनी कधी शिवलंय?"

"तोंड बघा याचं! लोणी लावायला आलाय." तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "कुठल्या गाडीचा?"

"लिबेल्लुलाचा. बार्बांतींच्या."

ती पत्ते कधी कोणाला दिसू देत नाही, छातीशी धरून खेळते. त्या दिवशी तिचा हात खाली आला आणि समोरच्या दोघांना तिचे सगळे पत्ते दिसले. दोघांपैकी एकानेही ते पाहिले नाहीत, तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

"कितवी?"

"तिसरी."

"उजवं दार जुनंच आहे?"

"जुनंच. डावं कोणीतरी मध्ये कधी दुरुस्त केलंय, उजव्याला कोणी हात लावलेला नाही."

"मग येते," ती म्हणाली. "पण टप नंतर. आधी ते दार मला अस्तराशिवाय, नागडं बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ती सायकल दामटत माझ्या कारखान्यात आली. गाडीकडे तिने सरळ पाहिलंच नाही. लोक या गाडीभोवती तीन-तीनदा फिरतात, शिट्ट्या वाजवतात. ही थेट उजव्या दाराशी गेली, डोळे मिटले आणि आतल्या पत्र्यावर तळवा फिरवू लागली. वरून खाली, मग कडेकडेने, मग बिजागरीपाशी. पाच मिनिटं तरी गेली असतील.

"खोट नाही," ती म्हणाली. आनंद झालेला दिसेना.

"नाहीच. मी स्वतः घासून लख्ख केलाय. वर रंगाचे दोन हात दिलेत."

तिने डोळे उघडले. "घासलास?"

"म्हणजे काय! आत पांढरी बुरशी धरली होती, पेन्सिलीचे गिरगोटे होते..."

"गाढवा," ती म्हणाली. "साठ वर्षं मी या दाराची वाट बघत होते, आणि तू घासलास."

दुसरी कोणी असती तर सायकलवर बसून चालती झाली असती. हिने पिशवीतून दाभण, मेण आणि चष्मा काढला, आणि टपाचं कापड मागितलं. तीन आठवडे ती रोज येत होती. शिवता शिवता थोडं थोडं सांगायची. मी मात्र हातातलं काम टाकून ऐकायचो, आणि ती मध्येच ओरडायची, "तुझी इंजिनं काय आपोआप लागणारेत का?"

तिने सांगितलं ते असं. बार्बांतींकडे एका बाजूला पत्रेवाले आणि दुसऱ्या बाजूला शिवणवाल्या. पत्रेवाले म्हणजे राजे. अॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत, नुसत्या नजरेने त्याला आकार देत. आकडे, बाण, शिव्या, संतांची नावं, सगळं पेन्सिलीने आतल्या अंगावर लिहायचे, कारण वर चामडं बसणार आणि ते कोणाला दिसणार नाही. पत्रा तयार झाला की शिवणवालीकडे यायचा. कुठे टेंगूळ असलं, धार राहिली असली, तर ती खडूने गोल काढून तो परत पाठवायची. गोल काढला की राजेसुद्धा गुपचूप पत्रा उचलून न्यायचे. आणि तिने एकदा चामड्याने झाकला की तिला तो पसंत आहे असं धरायचं. मग त्यात खोट निघाली तर दोष तिचा, पत्रेवाल्याचा नाही. कागदावर नव्हतं हे कुठे, पण मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे पाळायचे.

या पत्रेवाल्यांमध्ये एक लेआर्को होता. डावखुरा. त्यामुळे त्याच्या गाड्यांची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर भरलेली असायची. मी लिबेल्लुलावर फूटपट्टी लावली तेव्हा मलाही ते दिसलं होतं, आणि मी ते तसंच ठेवलं. निदान तेवढी अक्कल होती मला.

"बोलायचा का तुमच्याशी?" मी विचारलं.

"बोलायचा कसला! माझ्यासमोर आला की जीभ टाळ्याला चिकटायची त्याची. इतरांशी पोपटासारखा. मला वाटायचं, आपण आवडत नाही याला."

"आणि तुम्हाला?"

"दोरा दे," ती म्हणाली.

जूनमध्ये तिसऱ्या लिबेल्लुलाची दारं तिच्याकडे आली. लेआर्को स्वतः घेऊन आला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "नीवेस, उजवं दार नीट बघ हं."

झालं. बावीस वर्षांच्या नीवेसला ते झोंबलं. ज्या बाईने कधी डोळ्यांनी पत्रा तपासला नाही, तिचा तळवा म्हणजे कारखान्यातला शेवटचा शब्द, तिला हा सांगतो नीट बघ? बाकीच्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. हिने डोक्याचा रुमाल सोडला, डोळ्यांवर बांधला, आणि सगळ्या कारखान्यासमोर आंधळी होऊन उजव्या दारावर हात फिरवला. "मंजूर!" म्हणून ओरडली. आणि रुमाल तसाच ठेवून चामडं चढवलं, कडा दाबल्या, चिकटवल्या. टाळ्या पडल्या. लेआर्कोही हसत होता. त्याचे कान लाल झाले होते म्हणे.

"आणि मग?"

"मग काय. रविवारी आईबरोबर विन्योलाला निघाले होते, आत्याकडे चेऱ्या उतरवायला. बस चौकातून वळली तर हे महाशय कारंज्यापाशी उभे. पांढरा सदरा. केस पाण्याने चापून बसवलेले. हातात फीत बांधलेला खोका, बदामाच्या बिस्किटांचा, मी लांबूनच ओळखला. पुरुष असा खोका घेऊन पोरीसाठीच थांबतो."

"कोणासाठी?"

"मला काय माहीत! असेल कोणी सटवी. मी तोंड फिरवलं. सोमवारी तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं."

तिने दोरा दाताने तोडला. दात अजून तिचेच आहेत, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

महिन्याभरात लेआर्कोला अर्जेंटिनाहून बोलावणं आलं. तिकडे कोर्दोबात गाड्यांचे कारखाने उभे राहत होते, इटलीच्या पत्रेवाल्यांना ते डोक्यावर घेत. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन तो शिवणीच्या टेबलापाशी आला. म्हणाला, "तू झाकलंस म्हणजे तुला पसंत आहे, असं मी धरून चाललो. चूक माझीच." आणि गेला.

"मला वाटलं दारात खोट होती," मावशी म्हणाली. "त्याने मुद्दाम ठेवलेली, माझी परीक्षा बघायला. नीट बघ म्हणाला होता ना. आणि मी रुमाल बांधून मिरवले, ती माझ्या हाताखालून निसटली. गाडी तोवर स्वित्झर्लंडला गेली होती. तेव्हापासून डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पत्रा झाकला नाही मी. लोक म्हणाले, नीवेसचा हात गेला. जाऊ दे. पण एकदा, मरायच्या आधी एकदा, त्या दारावर हात ठेवून मला समजून घ्यायचं होतं की मी खरंच चुकले होते का."

"एवढ्यासाठी साठ वर्षं?"

"तुला एवढंसं वाटतं," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तो तिकडेच वारला. अकरा वर्षं झाली. त्याच्या चुलतभावाने सांगितलं, बारमध्ये, पत्ते पिसता पिसता. मी डाव पुरा केला."

शेवटच्या आठवड्यात टप झाला. ओढून बसवला तेव्हा कापड बोटाने वाजवलं तर डफासारखं वाजलं. वर पाण्याचा पाइप सोडला, आत थेंब नाही. आता फक्त उजव्या दाराचं अस्तर राहिलं होतं. चामडं कापून तयार होतं, पण मावशी त्याला हात लावत नव्हती. मलाही अपराधी वाटत होतं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजकाल मी काहीही उघडायच्या आधी त्याचे फोटो काढतो, ते जाडं पुस्तक भरायला. दाराचं अस्तर काढल्याबरोबर, घासायच्या आधी, मी फोटो काढला असणारच.

"मावशी, खोट असेल तर फोटोत सावली दिसेल," म्हणालो, आणि कॉम्प्युटरवर शोधलं. निघाला. पडद्यावर मोठा केला. पांढरी बुरशी, त्यात पेन्सिलीचे गिरगोटे. असले गिरगोटे मी हजारदा बघितलेत, वाचत कोण बसतो? मला टेंगूळ शोधायचं होतं. तिला चष्म्यातून पडदा नीट दिसेना.

"काय लिहिलंय ते?"

"मापं असतील. थांबा. चार... चारला... आपल्या बोलीत आहे, अक्षर कोंबड्याच्या पायाचं." आणि मी शहाणा मोठ्याने वाचत सुटलो, "'नीवेस. रविवारी चारला, कारंज्यापाशी. नको असेल तर खडूने गोल काढ. काही न बोलता झाकलंस तर हो समजतो.'"

शेवटच्या शब्दाला पोहोचल्यावर मला कळलं मी काय वाचतोय. तेव्हा तोंड मिटून काही उपयोग नव्हता.

मावशीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "पुन्हा वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"रुमाल बांधला मी," ती म्हणाली. "त्याला वाटलं असणार, हिने आधीच वाचलंय आणि आता सगळ्यांसमोर नाटक करतेय. हो म्हणायचं नाटक."

"मावशी..."

"साठ वर्षं त्या सटवीला शिव्या घातल्या रे मी. रोज नाही, पण घातल्या. चेऱ्यांच्या दिवसांत तर हमखास. कशी असेल, केस कसे असतील, तिने ती बिस्किटं एकटीने खाल्ली असतील का." तिने पडद्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "आणि मी बसमधून तोंड फिरवलं. त्याने बघितलं असेल का मला?"

मला तिचा हात धरावासा वाटला आणि धरलाही. तळवा अजून मऊ आहे तिचा, बोटांची टोकं तेवढी खडबडीत.

दुसऱ्या दिवशी झ्युरिकहून गिऱ्हाइकाचा माणूस आला. सोमवारी गाडी न्यायची, त्याआधी पुस्तक तपासायचं. हातमोजे घातलेलेच होते. पानं उलटत तो दाराच्या फोटोपाशी थांबला. म्हणाला, "हे लिखाण फार छान आहे! याचं भाषांतर करून छापा, याने गाडीला गोष्ट मिळते."

"मापं आहेत ती," मी म्हणालो.

"सगळीच?"

"सगळीच. लेआर्कोचं अक्षर वाईट होतं." आणि फोटो काढून खिशात घातला. तो काहीतरी जर्मनमध्ये पुटपुटला. पुटपुटू दे. दुसऱ्याचं पत्र गाडीबरोबर विकायला मी काही टपाल खात्याचा चोर नाही.

शनिवारी मावशी आली ती अस्तर चढवायलाच. दारासमोर तिने खुर्ची मांडली. जवळचा चष्मा लावला, त्यावर लांबचा लावला, आणि नागड्या पत्र्याकडे बघत बसली. तिथे आता माझ्या रंगाशिवाय काही नव्हतं. तरी तिने तो वीतभर वीतभर बघितला, ओळ वाचावी तसा डावीकडून उजवीकडे. खडूचा तुकडा टेबलावर पडलेला होता, तो तिने उचलून एप्रनच्या खिशात टाकला. मग काही न बोलता चामडं चढवलं, कडा दाबल्या, आणि पुसून घेतलं.

"झाकलं," ती म्हणाली. "उद्या गाडी मोकळी आहे ना?"

"सोमवारपर्यंत माझीच आहे."

"मग चारला चौकात सोड मला. उशीर करू नकोस."

रविवारी ती तिच्या घराच्या दारात उभी होती. फुलाफुलांचा झगा, ओठांना थोडी लाली, हातात बिस्किटांचा खोका. फीतसुद्धा. मी काही चेष्टा करणार होतो, पण जमली नाही. टप मागे टाकला होता. तिने बसता बसता उजव्या दारावर तळवा ठेवला, आणि तो चौक येईपर्यंत तिथेच होता. रस्त्यातली माणसं वळून वळून गाडीकडे बघत होती आणि मावशी सरळ पुढे.

कारंजं आता कोरडं असतं, नगरपालिकेने त्यात फुलं लावलीत. समोर औषधांचं दुकान. ती कठड्यावर बसली, खोका मांडीवर. मी गाडी सावलीला लावून तिच्याजवळ गेलो.

"मावशी, किती वेळ थांबायचं?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "तो किती वेळ थांबला असेल?"

मीही कठड्यावर टेकलो. चार वाजून गेले. विन्योलाची बस दहा मिनिटं उशिरा आली आणि चौकाला वळसा घालू लागली. मावशी उठून उभी राहिली, केस नीट केले, आणि बस निघून जाईपर्यंत तिच्या एकेका खिडकीत बघत राहिली.